उद्यानाला ‘दलित पँथर’चं नाव हवंय? अर्ज कुठे अडतो ते आधी पाहा

महापालिकेच्या बागेला एखाद्या चळवळीचं नाव मिळावं म्हणून अर्ज येत राहतात आणि पडूनही राहतात. लोकांना वाटतं, विरोध झाला. बहुतेक वेळा विरोधापर्यंत गोष्ट जातच नाही, कागदातच संपते. इथे मुंबईची पद्धत धरली आहे. इतर महापालिकांत समित्यांची नावं वेगळी असतात, अडचणी त्याच.

अर्ज कोणीही रहिवासी, मंडळ किंवा संस्था करू शकते. तो प्रभाग कार्यालयात द्यायचा, प्रत उद्यान खात्याला, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पण हा अर्ज म्हणजे नुसती विनंती. नाव ठरतं ते ठरावाने, म्हणून स्थानिक नगरसेवकाने प्रस्ताव मांडायला हवा. तो बाजार व उद्यान समितीतून सभागृहात जातो.

पहिली मेख जागेची. महापालिका नाव देऊ शकते ते तिच्या ताब्यातल्या, तिच्याकडे निहित (कायद्याने तिच्या हक्कात) असलेल्या सार्वजनिक जागेला. आपण ज्याला ‘महापालिकेचं गार्डन’ म्हणतो ते प्रत्यक्षात म्हाडाच्या अभिन्यासातलं (लेआउटमधलं) मैदान असू शकतं, जिल्हाधिकाऱ्यांची जमीन असू शकते, नाहीतर सोसायटीचा आरजी, म्हणजे करमणुकीसाठी मोकळा सोडलेला भूखंड. गेटवर पालिकेचा माळी आणि वेळापत्रकाची पाटी दिसली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. नगर भूमापन क्रमांक शोधा, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) धारकाचं नाव वाचा, विकास आराखड्यातलं आरक्षण तपासा आणि बाग उद्यान खात्याच्या यादीत आहे ना ते लेखी विचारा. जमीन दुसऱ्या यंत्रणेची निघाली तर तिच्या ना-हरकत पत्राशिवाय पुढे जाऊच नका.

दुसरी मेख जुन्या नावाची. सगळे ‘टाकीचं गार्डन’ म्हणत असतात आणि दप्तरात वीस-तीस वर्षांपूर्वीचा ठराव एखाद्या नगरसेवकाच्या वडिलांच्या नावाने पडलेला असतो. मग तुमचं प्रकरण नामकरणाचं नाही, नामांतराचं होतं, आणि त्याला वेगळीच धार येते. महापालिका चिटणीसांच्या कार्यालयात जुने ठराव आधीच पाहून घ्या.

आता खरा त्रास. नामकरणाचे अर्ज बहुधा व्यक्तींच्या नावाने येतात, त्यामुळे टेबलावरची कागदपत्रांची यादीही व्यक्तीचीच: जीवनचरित्र, मृत्यू दाखला, वारसांचं संमतीपत्र. संघटनेचा मृत्यू दाखला आणायचा कुठून? तरी मागतात! मग कोणीतरी सुचवतं, ‘बरं, नोंदणी प्रमाणपत्र द्या.’ पँथर ही १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली चळवळ. तिच्या नोंदणीचा कागद शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यात तिचेच संस्थापक-नेते राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी १९७७ मध्ये ती बरखास्त केल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतरही त्या नावाचे गट चालतच राहिले. आज कोणत्याही एका गटाचं संमतीपत्र जोडलंत की दुसऱ्याची हरकत आलीच म्हणून समजा. त्यापेक्षा अर्जातच स्पष्ट लिहा: ‘१९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथर या ऐतिहासिक चळवळीच्या स्मरणार्थ, सध्याच्या कोणत्याही पक्षाशी वा गटाशी संबंध नाही.’ या एका वाक्याने निम्मी भांडणं दारातच थांबतात.

सोबत एक पानाची टिपणी द्या, पुस्तिका नको. पँथरने १५ ऑगस्ट १९७२ ला पाळलेला काळा स्वातंत्र्यदिन, जानेवारी १९७४ ची वरळीची दंगल, त्याच महिन्यात मोर्चात मारले गेलेले भागवत जाधव, आणि चळवळीचा बागेच्या परिसराशी असलेला संबंध. वडाळ्यात असाल तर पँथर कार्यकर्त्यांचा अड्डा असलेल्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचा उल्लेख पुरेसा बोलका आहे.

शासकीय व्यवहारात ‘दलित’ ऐवजी ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ लिहावं, या २०१८ च्या शासन निर्णयावर बोट ठेवून नावच बदला असं सांगणारे भेटतील. तो निर्णय माणसांचा उल्लेख कसा करावा याबद्दल आहे. इथे संघटनेचं विशेषनाम आहे. हे शांतपणे, लेखी मांडा. तोंडी वाद घातलात तर फाइल खाली जाते.

मुदतीचा घोळ तर दरवर्षीचा. सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, हे ऐकून लोक आठ दिवस आधी अर्ज घेऊन धावतात. ती नोटीस सदस्यांसाठी असते. तोवर कार्यक्रमपत्रिका छापून झालेली असते आणि प्रशासनाच्या अभिप्रायाशिवाय विषय त्यात चढतच नाही. सरकारी सेवा ठरावीक मुदतीत देणाऱ्या सेवा हक्क कायद्यातले दिवसही इथे मोजू नका, नामकरण ही त्या यादीतली सेवा नाही. आचारसंहिता लागली की सगळं जागच्या जागी थांबतं. म्हणून १४ एप्रिलला फलक लावायचा असेल तर आदल्या पावसाळ्यात अर्ज पडायला हवा. हे सांगितलं की लोक हिरमुसतात, पण ऐन मार्चमध्ये धावपळ करणाऱ्यांचे चेहरे त्याहून वाईट असतात.

आणि ठरावाआधी फलक लावू नका, पुढाऱ्याने कितीही आग्रह केला तरी. मालाडच्या मालवणीतल्या मैदानाला टिपू सुलतानचं नाव देण्यावरून २०२२ मध्ये आंदोलनं झाली आणि पुढच्याच वर्षी पालकमंत्र्यांनी ते नाव काढायला सांगितलं. हातात ठराव क्रमांक नसेल तर असं नाव टिकवायला काही आधार उरत नाही.

पुतळा किंवा अर्धपुतळ्याची मागणी याच अर्जात घुसडू नका. त्याची परवानगी वेगळी, प्रक्रिया वेगळी, आणि ती अडली की नावही तिच्यासोबत अडतं.