वसतिगृहाला डाळ, आश्रमशाळेला बाक: सरकारी पुरवठ्याचे कागद कुठून सुरू करायचे?

नागपूरच्या अवतीभवती काटोलची संत्री आहे, भिवापूरची मिरची आहे, रामटेककडचा तांदूळ आहे, मालकीच्या धुऱ्यावरचं सागवानही आहे. इकडे मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, कारागृह, आदिवासी वसतिगृहं यांना डाळ-तांदूळ रोज लागतो, खाटा-बाक अधूनमधून. गाडी अडते ती कागदावर.

आधी ठरवा, विकणार कोण म्हणून? उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर होते, फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. पण निव्वळ शेतीला ती मिळत नाही. तूर पिकवणारा त्यात बसत नाही, तीच तूर भरडून डाळ करणारी मिल बसते. हा फरक पैशाचा आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि वेकोलिसारखे (वेस्टर्न कोलफिल्ड्स) सरकारी उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी, ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, तीही माफ. राज्याच्या कार्यालयांना हे धोरण जसंच्या तसं लागू नाही, तिथे निविदेतल्या अटीच वाचाव्या लागतात.

एकट्याचा माल कमी पडत असेल तर दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढता येते, बचत गटही चालतो. नवा गट बहुधा एकाच अटीवर बाद होतो: मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि अनुभव. केंद्राच्या खरेदीत सूक्ष्म-लघु उद्योगांना ही अट शिथिल करता येते, दर्जाची अट मात्र सुटत नाही. निविदेत सवलत दिसली नाही तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी विचारलेलं कुणी धरत नाही.

निविदा दोन ठिकाणी बघायच्या: केंद्रासाठी जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, राज्यासाठी महाटेंडर्स हे निविदांचं पोर्टल. महाटेंडर्सवर डिजिटल स्वाक्षरी लागते, ती आधीच काढून ठेवा. पॅन, बँक पासबुक, उद्यम, लागू असेल तर जीएसटी, गटाचा ठराव हे सोबत. आणि नाव! सातबाऱ्यावर ‘मारोतराव’, आधारवर ‘मारोती’, पासबुकावर नुसतं ‘एम’ असेल तर आधी ते सारखं करून घ्या.

खाण्याच्या मालात स्वतःच्या शेतातला कच्चा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही. मिरची कांडून पुडी बांधली की फॉसकॉस या अन्नसुरक्षा परवान्यांच्या पोर्टलवर नोंदणी किंवा परवाना हवा, आणि तो क्रमांक पुडीवर छापलेला हवा.

लाकडाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे कागद कुऱ्हाडीच्या आधी सुरू होतो. सागवान स्वतःच्या वावरातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. सातबारा, नकाशा आणि हद्दीची मोजणी जोडून अर्ज वन खात्याकडे द्यायचा. मग झाडांची मोजणी, तोड, लाकडावर हातोड्याची निशाणी, आणि शेवटी वाहतूक पास, म्हणजे टीपी. मालक आदिवासी असेल तर १९६९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडूनही जावं लागतं. परवाना असलेल्या आरामशीनवरच चिराई करा. बाकांच्या बिलासोबत टीपीची प्रत आणि मशीनची पावती जोडली की लाकूड कुठलं हा प्रश्न मिटतो. घाईत तोडलेल्या झाडाला मागाहून टीपी मिळवणं महाकठीण. बांबूचं सोपं आहे: २०१७ पासून वनाबाहेर लावलेला बांबू भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ राहिलेला नाही. बांबूच्या वस्तूंसाठी जेमवर वेगळं दालनही आहे.

माल पोचवताना चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख तिथेच घ्या. भांडारपाल जेवायला गेला असेल तर थांबा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. ती करताना हीच तारखेची प्रत मागतात.