गणित एका इमारतीत, अध्यापन दुसऱ्या इमारतीत

बारावीनंतर गणित घ्यायचे आणि पुढे शाळेत शिकवायचे, असे ठरवलेल्या मुलामुलींच्या घरी बडोद्यात सध्या एक हिशेब मांडला जातो. आधी बी.एस्सी. करून मग दोन वर्षांचे बी.एड. करावे, की विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम निवडावा? दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हा हिशेब बहुधा वर्षांचा आणि फीचा असतो. त्याच्या मागे मात्र दीडशे वर्षांचा गुंता आहे. गणित शिकवणारे प्राध्यापक एकीकडे आणि ‘शिकवायचे कसे’ हे शिकवणारे दुसरीकडे, ही वाटणी आपल्याकडे झाली कशी, हे पाहिल्याशिवाय नव्या अभ्यासक्रमाची किंमत कळत नाही.

१८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शिक्षणविषयक आदेशपत्रात, शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर होता, पण प्रत्यक्षात लक्ष गेले ते मुख्यतः प्राथमिक शिक्षकांकडे. हायस्कुलात शिकवायला पदवी पुरे, असाच समज होता. १८८२ च्या हंटर आयोगाने पदवीधरांचे प्रशिक्षण इतरांपेक्षा कमी मुदतीचे असावे असे सुचवले. १९०४ मध्ये कर्झनच्या काळातल्या शैक्षणिक ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण महाविद्यालयाला जोडलेली सरावशाळा, असा साचा आखून दिला. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली सुरू झाले. पदवीधराला विषय येतोच, वर फक्त पद्धतीचा हात फिरवायचा, हे त्या साच्यातले गृहीतक. ते कोणी तपासून पाहिले नाही, आणि पुढचे बहुतेक सगळे घोळ तिथूनच निघाले असे मला वाटते.

बडोद्याची गोष्ट थोडी वेगळी सुरू होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. त्याआधी, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले होते. तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत देता येते, हा त्या संस्थेचा आग्रह होता. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि तिथले उच्च गणित इंग्रजीतून चाले. म्हणजे गावात शाळेचे गणित गुजराती-मराठीत आणि कॉलेजचे इंग्रजीत, आणि या दोहोंमध्ये ये-जा करणारा एकटा शिक्षक. विनोबा याच गावातल्या हायस्कुलात आणि कॉलेजात शिकले. ईश्वरानंतर आपले सर्वांत जास्त प्रेम गणितावर, असे ते सांगत. ती गोडी किती मुलांपर्यंत पोचते, हे त्या ये-जा करणाऱ्या माणसावर ठरते.

१९३५ साली बडोद्यात माध्यमिक शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते विद्यापीठात आले आणि शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा झाली. गणित विभाग विज्ञान शाखेत राहिला. दोन्ही एकाच विद्यापीठात आल्या. ही संधी तेव्हा देशात थोड्याच ठिकाणी होती.

जगात हा प्रश्न आधीच नीट मांडला गेला होता. गटिंगेनचे गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ च्या सुमारास भावी शिक्षकांसाठी व्याख्याने दिली आणि त्यांत दुहेरी तुटलेपणाची तक्रार केली. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा त्याला शाळेतल्या गणिताची आठवणही करून देणारे काही समोर येत नाही. पदवी घेऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठातले काही उपयोगी पडत नाही, म्हणून आपल्याला लहानपणी जसे शिकवले तसेच तो शिकवू लागतो. क्लाइन स्वतः पहिल्या प्रतीचे गणिती होते, म्हणून या तक्रारीला वजन आहे.

एक उदाहरण घेतो. सातवीतला मुलगा विचारतो, ऋण गुणिले ऋण धन का? बी.एस्सी. झालेल्या शिक्षकाने बीजगणिताच्या तासाला वलय (रिंग), म्हणजे बेरीज-गुणाकाराचे नियम पाळणारी अमूर्त रचना, शिकलेले असते. (−अ)(−ब) = अब ही सिद्धता त्याने परीक्षेत लिहून गुणही मिळवलेले असतात. पण वर्गात तो म्हणतो, ‘नियम आहे, पाठ कर.’ खरे तर तीच सिद्धता सातवीच्या फळ्यावर मांडता येते. ४ आणि −४ यांची बेरीज शून्य, म्हणून −३ ला त्या बेरजेने गुणले तरी शून्यच. कंस सोडवला की −३ × ४ म्हणजे −१२, आणि त्यात (−३) × (−४) मिळवायचे. एकूण शून्य यायचे असेल तर तो दुसरा गुणाकार १२ असलाच पाहिजे. वितरणाचा नियम मुलाला पाचवीपासून ठाऊक असतो. शिक्षकाला विषय येत होता आणि बी.एड.मध्ये पद्धतही शिकवली होती. पदवीतली सिद्धता आणि त्या मुलाचा प्रश्न एकच आहेत, एवढे त्याला कोणी दाखवले नव्हते. ते दाखवायचे काम गणित विभागाला आपले वाटले नाही आणि शिक्षणशास्त्रालाही वाटले नाही.

बी.एड.च्या गणित मेथडमध्ये, म्हणजे गणित शिकवायच्या पद्धतीच्या विषयात, मग काय होते? पाठ टाचण. पूर्वज्ञान, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ, या जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या शिष्यपरंपरेतून आलेल्या पायऱ्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सराव पाठांना त्यांनी शिस्त लावली हे खरे. पण भूगोलाचा पाठ आणि भूमितीचा पाठ एकाच रकान्यांत बसू लागला.

या बाबतीत बडोद्याचे स्वतःचे मोठे काम आहे. साठच्या दशकात इथे शिक्षणातील प्रगत अध्ययन केंद्र सुरू झाले, ‘केस’ या नावाने ते ओळखले जाते. प्रा. म. ब. बुच यांनी संपादित केलेले भारतीय शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण १९७४ मध्ये इथूनच प्रसिद्ध झाले. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठातून एकेका कौशल्याचा सराव, १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मले. ते भारतीय परिस्थितीला बसवण्यात सत्तरच्या दशकात बडोद्याच्या प्रा. बी. के. पासी व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. सहा मिनिटे अध्यापन, सहा प्रत्याभरण (पाठ कसा झाला हे सांगणे), बारा पुनर्नियोजन, सहा पुनरध्यापन, पुन्हा सहा प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे चक्र देशभरातल्या बी.एड. विद्यार्थ्यांना पाठ असते. व्हिडिओ यंत्रणा नसलेल्या महाविद्यालयातही ते सहाध्यायींच्या मदतीने चालवता येते. मला या कामाचा अभिमान वाटतो. तरी प्रश्न विचारणे, फलकलेखन, प्रबलन (उत्तराला शाबासकी देणे) ही कौशल्ये सगळ्या विषयांना सारखीच लागू होतात. ऋण संख्येचे कोडे त्यांच्यातून सुटत नाही.

गणिताकडून हात पुढे झाला तो गुजरातेत वेगळ्या मार्गाने. वि. वा. नारळीकरांच्या हाताखाली संशोधन केलेले आणि सापेक्षतावादातल्या कामासाठी जगभर माहीत असलेले प्र. चु. वैद्य यांनी १९६३ मध्ये गुजरात गणित मंडळ उभारण्यात पुढाकार घेतला. मंडळाचे ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक शाळेतल्या शिक्षकांपर्यंत जाऊ लागले. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने अमेरिकी मदतीने शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरे सुरू केली. संच, संबंध, फलने असे नवे गणित त्यांतून शाळेत आले.

१९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने या तुटलेपणावर नेमके बोट ठेवले. प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकींपासूनही तुटलेली आहेत, असे त्याने म्हटले. त्याआधीच, १९६३ मध्ये, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली होती आणि तिथे चार वर्षांची एकात्मिक पदवी सुरू झाली. गुजरात आणि महाराष्ट्र भोपाळच्या वाट्याला आले. आजचा ‘नवा’ अभ्यासक्रम म्हणजे साठ वर्षांपूर्वीचीच कल्पना. ती त्या काही संस्थांपुरतीच राहिली, कारण एक वर्षाचे बी.एड. स्वस्त होते, कोणत्याही गावात काढता येत होते.

पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत ली शुल्मन यांनी विषय आणि अध्यापन यांच्या सांध्यावरच्या ज्ञानाला स्वतंत्र स्थान दिले. मुले कुठे चुकतात, का चुकतात, कोणते उदाहरण कोणत्या कल्पनेला उजेडात आणते, हे ते ज्ञान. डेबोरा बॉल यांनी ते गणितापुरते अधिक बारकाईने मांडले. आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणावरच्या न्या. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतला सहभाग वीस आठवड्यांचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी वर्षांपेक्षा वेळापत्रक विचारावे. बीजगणित आणि विश्लेषण शिकवणारे प्राध्यापक सराव पाठाला वर्गात मागे बसतात का? गणित मेथडच्या तासाला सातवी-आठवीच्या मुलांच्या खऱ्या वह्या, त्यांतल्या चुकांसकट, टेबलावर येतात का? आणि बडोद्यातल्या वर्गात, जिथे एका बाकावर गुजराती, मराठी आणि हिंदी बोलणारी मुले इंग्रजी पुस्तक घेऊन बसतात, तिथे सराव करायला भावी शिक्षकाला सलग किती आठवडे मिळतात?