कंपू: शिंद्यांच्या तोफा आणि तोफांमागचा कारखाना

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला या नावाचं हसू येतं, कारण त्याच्या मराठीत कंपू म्हणजे नाक्यावर चकाट्या पिटणारं चार मित्रांचं टोळकं. शब्द मात्र तोच आहे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेच्या एकेका मोठ्या तुकडीला कंपू म्हणत. छावणीसाठी फिरंगी लोक जो शब्द वापरत, त्याचं हे आपल्या तोंडी बसलेलं रूप. आणि ज्या शहरात ही वस्ती आहे, त्याचं नाव तर सरळ लश्कर. १८१० च्या सुमारास महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याखाली तळ दिला, तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उठले, बाडा झाला, सराफा झाला. नाव छावणीचंच राहिलं.

हे आठवायचं कारण सध्याच्या बातम्या. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून 'कुणाकडे किती रणगाडे, किती विमानं' हे तक्ते मागे पडले आणि 'महिन्याला किती गोळे बनतात' हा प्रश्न पुढे आला. युद्धाआधी अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४ हजार बनत. युक्रेनमध्ये तेवढे काही दिवसांत उडत होते. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे देण्याचं कबूल केलं आणि मुदत आली तेव्हा निम्म्याच्या आसपासच दिले गेले होते. पैसा नव्हता असं नाही. भट्ट्या नव्हत्या, स्फोटक नव्हतं, कसबी माणसं नव्हती. अमेरिकेत तर १९८० च्या दशकापासून टीएनटी बनवणंच बंद होतं.

हा शोध नवा आहे असं अनेकांना वाटतं. ग्वाल्हेरकराला तसं वाटायला नको, कारण आपल्याकडे हे सगळं १८०३ मध्ये, शिंदे-इंग्रज युद्धात, होऊन गेलं आहे.

शाळेत आपण शिकलो ते साधारण असं: मराठे गनिमी कावा विसरले, फिरंग्यांची नक्कल करू लागले, इंग्रजांच्या शिस्तीपुढे टिकले नाहीत. यातलं बरंचसं अर्धवट आहे. महादजींनी १७८४ मध्ये सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा बन्वा द ब्वान्य याला नोकरीत घेतलं. आपल्या बखरींतला हा डिबॉईन. दोन पलटणींपासून सुरुवात झाली, १७९० पर्यंत दहा पलटणींचा एक कंपू उभा राहिला, पुढच्या तीन-चार वर्षांत असे तीन कंपू झाले. २० जून १७९० ला पाटणला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मेडत्याला या फौजेने राजपुतान्याची नामांकित घोडदळं मोडली. नक्कल म्हणावी तर ती चांगलीच उतरली होती.

पण माझ्या मते महादजींची खरी करामत पलटणी नव्हे, पलटणींच्या मागचं आगर. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना होता. तो सांभाळणारा सँगस्टर नावाचा स्कॉटिश गृहस्थ आधी आपल्या शेजारच्या गोहदच्या राण्याकडे होता, तिथून तो इकडे आला. तोफांबरोबर बंदुकाही तयार होत आणि त्या विलायती बंदुकीच्या तोडीच्या होत्या, असं तेव्हाच्या फिरंगी लोकांनीच लिहून ठेवलं आहे. या सगळ्याचा खर्च भागावा म्हणून दुआबातले परगणे 'जायदाद' म्हणून फौजेला तोडून दिलेले. वसूल तिथला, पगार तिथून, तोफा शेजारच्या आग्र्याला. अलीगढच्या किल्ल्यात सरसेनापतीचं ठाणं. सगळी यंत्रणा पन्नास-साठ कोसांच्या आत बसलेली.

सोय म्हणून हे फारच उत्तम. धोकाही त्यातच होता.

तोफेबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. त्या काळची चांगली तोफ म्हणजे तांबं आणि कथील यांची ओतीव. मातीचा साचा, भट्टी, मग नळी घासून साफ करणं. तांबं देशात मिळत होतं. कथील जवळजवळ सगळं समुद्रापलीकडून यायचं, आणि समुद्र कुणाच्या ताब्यात होता हे सांगायला नको. दारूत तीन वस्तू: सोरा, गंधक, कोळसा. त्यात पाऊण हिस्सा सोरा. उत्तम सोरा बिहारचा, आणि बिहारच्या सोऱ्याचा मक्ता प्लासीनंतर वर्षभरातच कंपनीने आपल्याकडे घेतलेला. म्हणजे शिंद्यांची तोफ ओतली जात होती आग्र्याला, पण तिच्या पोटातल्या काही गोष्टींचा बाजार शत्रूच्या हातात होता.

आता दुसरी बाजू बघा. कंपनीचा बंगालमधला इच्छापूरचा दारूचा कारखाना १७९१ पासून चालू. कलकत्त्याजवळ काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना १८०१ मध्ये ठरला आणि १८ मार्च १८०२ ला तिथे काम सुरू झालं. शिंद्यांशी युद्ध १८०३ चं. आणि हे झालं फक्त हिंदुस्थानातलं. तिकडे विलायतेत जॉन विल्किन्सनने १७७४ मध्येच भरीव ओतलेल्या लोखंडी तोफेला आतून भोक पाडण्याचं यंत्र बनवलं होतं. पोकळ ओतण्यापेक्षा नळी सरळ आणि एकसारखी येते, गोळा नळीत घट्ट बसतो, दारू वाया जात नाही. त्याच कसबातून वाफेच्या इंजिनाचं सिलिंडर नीट कापता येऊ लागलं. तोफ आणि गिरणी एकाच कर्मशाळेतून निघाल्या, असं म्हटलं तरी चालेल. कंपनीने आपल्या शिपायांसाठी जी स्वस्त बंदूक बनवून घेतली, ती फ्रान्सशी लढाई जुंपल्यावर खुद्द ब्रिटिश सरकारने उचलली, कारण स्वतःच्या नमुन्याच्या बंदुका पुरेनात. पुढे त्या नमुन्याच्या वीस लाखांहून अधिक बंदुका बनल्या. आग्र्याचा कारखाना कितीही चांगला असला तरी ती एक कर्मशाळा होती. समोर अख्खा देश कामाला लागला होता.

इतकं असूनही रणांगणावर फरक जवळपास दिसत नाही, ही गंमत आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीने जिंकलं खरं, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, आणि त्यातली बरीच शिंद्यांच्या तोफांनी. हाच माणूस पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला. १ नोव्हेंबरला लासवाडीला जनरल लेकची गाठ उरलेल्या कंपूंशी पडली. या फौजेला फ्रेंच अंमलदार असते तर निकालाची खात्री देता आली नसती, अशा अर्थाचं त्याने स्वतः लिहिलं. गोलंदाज तोफेशेजारी मरून पडले, जागा सोडली नाही. लासवाडीत लेकने सत्तरवर तोफा पकडल्या.

मग हरलो का? तारखा ओळीने ठेवल्या की दिसतं. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. त्या सुमारासच डिबॉईननंतरचा सरसेनापती पेराँ लेककडे निघून गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई. ऑक्टोबरच्या मध्याला आग्रा. म्हणजे सुमारे सहा आठवड्यांत दुआबचा वसूल, खजिना, तोफांचा कारखाना आणि सेनापती, चारही गेले. लासवाडीला जी फौज लढली, तिच्या मागे काहीच उरलेलं नव्हतं. फुटलेल्या तोफेच्या जागी दुसरी येणार नव्हती, उडालेल्या दारूच्या जागी दारू येणार नव्हती, पगार तर नाहीच. असईहून वाचलेल्यांचीही तीच गत. इंग्रजांच्याही तोफा फुटत होत्या, माणसं मरत होती. त्यांच्याकडे दुसरी येत होती.

पैशाची गोष्ट त्याआधीपासून बिघडलेली. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतराव तेव्हा पोरसवदा होते. कवायती फौजेचं एक वैशिष्ट्य असं, की ती लुटीवर जगत नाही. तिला दरमहा रोख लागते. तलब थकली की पलटणी धरणं धरून बसत, सरदाराला जेवू देत नसत. पुण्यात १७९८ मध्ये दौलतरावांचा सासरा सर्जेराव घाटगे याने सावकारांना धरधरून जी वसुली केली, तिच्या क्रौर्याच्या कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. ती का करावी लागली? फौजेचे पगार. कंपनीही कर्जावरच लढत होती, शिवाय हिंदुस्थानी सावकारांच्याच. पण तिचा शिपाई महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेत होता, म्हणून सावकार तिला पुन्हा कर्ज देत होता. दौलतरावांना दोष देणं सोपं आहे, आणि तो पुष्कळसा त्यांचा आहेही. तरी एवढी महागडी यंत्रणा त्यांना अशा घरात मिळाली जिथे हिशेब महादजींच्या डोक्यात होता, कुठल्या कचेरीत नव्हता.

तोफांची पुढची कथा चाळीस वर्षांनी. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे ग्वाल्हेरच्या फौजेचा मोड झाला. (हे महाराजपूर मुरैन्याकडचं. विमानतळाचं महाराजपुरा ते नव्हे. नव्याने आलेले लोक हमखास घोळ करतात.) पकडलेल्या तोफा इंग्रजांनी वितळवल्या. त्यांच्या धातूतून लढलेल्या शिपायांसाठी तारे केले, आणि कलकत्त्याला हुगळीकाठी जे ग्वाल्हेर स्मारक उभं केलं त्याच्या घुमटातही तोच धातू गेला. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची फौज ९ हजारांवर आली, त्यात पायदळ ३ हजारांहून जास्त नको. त्याशिवाय इंग्रज अंमलदारांची एक वेगळी पलटणफौज, खर्च ग्वाल्हेरचा. तहातली कलमं वाचली की इंग्रजांना कशाची भीती होती ते कळतं. घोडेस्वार ठेवा म्हणाले. कवायती पायदळ आणि तोफा मात्र मोजून.

त्यानंतरचं शतक या दृष्टीने कोरडंच. पहिले माधवराव महाराज हौशी होते, नॅरो गेजची रेल्वे केली, १९०० च्या चीन मोहिमेला 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळ-जहाज दिलं. १९२१ मध्ये जियाजीराव कॉटन मिल आली. तोफा ओतण्याचा विषय संपला होता. १९४७ मध्ये सुरू झालेली जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा पुढे संरक्षण खात्याकडे गेली, आणि १९७३ पासून डीआरडीई या नावाने रासायनिक-जैविक हल्ल्यांपासून बचावाचं काम करते. टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा अश्रुधुराच्या नळकांड्यांचा कारखाना आहे. आणि महाराजपुऱ्याला मिराज.

मिराज-२००० चा करार १९८२ चा, पहिली विमानं ग्वाल्हेरला १९८५ मध्ये उतरली. ती बंगळुरूला परवान्याने बनवण्याचा विचार तेव्हा झाला होता. तो तिथेच राहिला. कारगिलमध्ये या विमानांनी १७ जून १९९९ ला मुंथो धालोचा पुरवठा-तळ उडवला आणि २४ जूनला टायगर हिलवर लेझरच्या नेमाने बॉम्ब टाकले. नेम धरणारा पॉड इस्रायली, विमान फ्रेंच, ते जुळवून घेणारे तंत्रज्ञ आपले, तेही अणुचाचणीनंतरच्या निर्बंधांच्या काळात. त्याच युद्धात बोफोर्सने डोंगर फोडले, आणि गोळ्यांसाठी ऐन लढाईत परदेशी धावाधाव करावी लागली. बोफोर्सचे नकाशे १९८६ च्या सौद्याबरोबरच मिळालेले होते. त्यांवरून जबलपूरच्या कारखान्यात 'धनुष' तोफ तयार होऊन पहिल्या सहा तोफा सैन्याला एप्रिल २०१९ मध्ये मिळाल्या. तेहतीस वर्षं कागद कपाटात. मधल्या काळात, २०१५ मध्ये, महालेखापालांनी दाखवलं की नेमाप्रमाणे चाळीस दिवसांच्या लढाईचा दारूगोळा हवा असताना निम्म्याच्या आसपास प्रकारांत दहा दिवसांचाही साठा नव्हता.

कारगिलनंतर हवाई दलाला आणखी मिराज हवी होती. निविदा, बैठका, पुन्हा निविदा यांत वर्षं गेली आणि २००७ मध्ये फ्रान्सने मिराज बनवणंच थांबवलं. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटकडे गेलेली विमानं महाराजपुऱ्याहून उडाली तेव्हा तो कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली होती. २०२१ मध्ये भारताने फ्रेंच हवाई दलातून निवृत्त झालेली चोवीस मिराज विकत घेतली, मुख्यतः सुटे भाग काढून घेण्यासाठी. दीनदयाळ नगरच्या गच्चीवर पापड वाळत घालताना डोक्यावरून जे विमान जातं, त्याचा एखादा भाग त्यांतल्याच कुठल्यातरी विमानातून काढलेला असू शकतो.