ऑलिव्हचा पाला आणि ऑलिव्हचा चोथा: दुधाच्या शेळीला कोणता?

दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांतात डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही तेलगिरणीच्या आवारात गेलात, तर दोन ढीग दिसतात. पहिला अगदी पुढे, जिथे ट्रॉल्यांतून फळं ओततात तिथे. पंख्याच्या झोताने फळांतून उडवलेला राखाडी-हिरवा पाला, मधूनमधून काटक्या. दुसरा गिरणीच्या मागच्या अंगाला. त्याला ढीग तरी कसं म्हणावं, तो पसरतोच. काळपट, ओलागच्च, तेलकट वासाचा चोथा. दोन्ही गिरणीला नकोसे, दोन्ही स्वस्त, आणि दोन्ही ‘ऑलिव्हचे उपपदार्थ जनावरांना घालतात’ या एकाच वाक्यात कोंबले जातात.

आपल्याकडच्या शेळीपालकाला यातलं एक निवडायला सांगितलं तर तो डोळे झाकून मागचा ढीग उचलेल. तेल काढल्यावर उरते ती पेंड आणि पेंड घातली की दूध वाढतं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पाल्याचं काय, तो बांधावरची शेवरी आणि सुबाभूळही देते. ऑलिव्हच्या बाबतीत हा हिशोब उलटा पडतो. दोन्हींतून एकच घ्यायचं असेल तर दुधाच्या शेळीसाठी मी पाला घेईन.

कारण सोपं आहे, पण पटकन लक्षात येत नाही. शेंगदाणा, सरकी, करडई, तीळ यांत तेल असतं ते बियांत. पुढच्या रोपाला उगवताना लागेल म्हणून बी तेलाच्या जोडीने प्रथिनंही साठवून ठेवते. घाण्यातून तेल निघून गेलं की प्रथिनं मागे राहतात आणि उरलेल्या मालात त्यांचा वाटा वाढतो. म्हणून शेंगदाणा पेंडीत प्रथिनं 40 टक्क्यांच्या पुढे जातात आणि टरफलासकटच्या सरकी पेंडीतही 20 टक्क्यांच्या वर असतात. ऑलिव्हचं तेल मात्र गराचं आहे. आठळीच्या आत बारीकशी बी असते, तिच्यातही थोडं तेल असतं, पण बाटलीत येणारं जवळजवळ सगळं तेल आठळीभोवतीच्या मऊ गरातून निघतं. गर असतो पक्ष्यांनी खावा आणि बी लांब टाकावी यासाठी, त्यात प्रथिनं भरून ठेवायचं झाडाला कारणच नाही. तेल निघाल्यावर उरतं ते गराचा गाळ, साल आणि फुटलेल्या आठळीचं लाकूड.

त्यात भर पडली ती यंत्राची. जुन्या पद्धतीत गिरणीतून तीन गोष्टी बाहेर पडत: तेल, ‘आल्पेचीन’ नावाचं काळं पाणी आणि बऱ्यापैकी कोरडा चोथा. ते काळं पाणी ग्वादालकिविर नदीच्या खोऱ्याची मोठी डोकेदुखी होतं, कारण जिथे शिरेल तिथल्या पाण्यातला प्राणवायू ते संपवतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नवी सेंट्रिफ्यूज यंत्रं आली. त्यांतून दोनच गोष्टी निघतात: तेल, आणि पाणी पोटात घेतलेला चोथा. या चोथ्याला तिथे ‘आल्पेरूहो’ म्हणतात. 100 किलो फळांमागे साधारण 20 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास आल्पेरूहो असा हिशोब, आणि त्या चोथ्यात 65 ते 70 टक्के पाणी. नदीला आराम मिळाला हे खरं, पण शेळीवाल्याच्या दृष्टीने माल बिघडला. वाहून न्यायला जड, साठवायला अवघड, आणि उघड्यावर राहिला की आधी खवट होतो, मग बुरशी धरतो.

एकेक किलो ताजा माल घेऊन हिशोब मांडू. एक किलो आल्पेरूहोत कोरडा भाग 300 ते 350 ग्रॅम. त्यात प्रथिनं 8 टक्के धरली तर हातात येतात 24 ते 28 ग्रॅम. एक किलो ताज्या पाल्यात कोरडा भाग निम्म्याच्या आसपास, म्हणजे 500 ग्रॅम. त्यात प्रथिनं 10 टक्के धरली तर 50 ग्रॅम. पाल्याची प्रथिनं झाडाची जात, हंगाम आणि काटक्यांचं प्रमाण यांनुसार 7 ते 12 टक्क्यांत हलतात, तेव्हा हा आकडा ढोबळ समजावा. तरी पारडं कुठे झुकतं ते दिसतंच.

हा झाला कागदावरचा हिशोब. शेळीच्या पोटात फरक आणखी वाढतो. चोथ्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग लिग्निनला, म्हणजे लाकूड कडक करणाऱ्या घटकाला, घट्ट चिकटलेला असतो. कोटीपोटातल्या, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना तो सोडवता येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात दिसणारी प्रथिनं बरीचशी लेंड्यांतून बाहेर पडतात. दुसरी अडचण तेलाची. गिरणीतून आलेल्या कच्च्या चोथ्यात थोडं तेल राहतंच, आणि पाणी वजा करून पाहिलं तर त्याचं प्रमाण चांगलंच जास्त निघतं. एकूण आहारात चरबी 5-6 टक्क्यांच्या वर गेली की तंतुमय चारा पचवणारे जिवाणू मंदावतात, चारा पोटात रेंगाळतो आणि शेळी खाणं कमी करते. म्हणजे ‘तेलकट आहे, अंगाला लागेल’ म्हणून जास्त घालायला जावं, तर असलेला चारासुद्धा नीट पचत नाही.

पाल्याकडे वळू. इथेही दोन प्रकार आहेत आणि तेही एकमेकांत मिसळून बोलले जातात. एक गिरणीचा पाला, फळांबरोबर आलेला. गिरणीत येणाऱ्या मालाच्या वजनात त्याचा वाटा साधारण 5 ते 10 टक्के. तो जवळजवळ निव्वळ पाला असतो, पण फळं जमिनीवरून गोळा केलेली असली तर त्यात मातीही येते. दुसरा छाटणीचा पाला, ‘रामोन’. फळं उतरली की हिवाळ्याच्या शेवटी झाडांची छाटणी होते आणि पाल्याने लगडलेल्या बारीक फांद्यांचे भारे निघतात. हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत, तेव्हा भारे किती निघत असतील याची कल्पना करावी.

त्या भाऱ्यांचं काहीतरी करावंच लागतं. कापलेली फांदी शेतात पडून राहिली की साल पोखरणारा एक छोटा भुंगेरा तिच्यात अंडी घालतो, आणि वसंतात त्याची पुढची पिढी उभ्या झाडांवर चढते. म्हणून फांद्या जाळतात, यंत्राने बारीक करून जमिनीवर पसरतात, नाहीतर शेळ्यांपुढे टाकतात. शेळ्यांचं काम बघण्यासारखं असतं. फांदी गव्हाणीत आडवी पडली की त्या आधी टोकाचे कोवळे शेंडे खुडतात. मग ओठांत डहाळी धरून मान मागे ओढतात आणि पानं एका झटक्यात ओरबाडून घेतात. पानं संपली की पुढच्या दातांनी हिरवी साल खरवडायला लागतात. संध्याकाळी गव्हाणीत पांढऱ्या सोललेल्या काटक्या उरतात, त्या थेट चुलीला. पान कडू असतं, ऑलिव्हच्या पानातल्या ओलेउरोपीन या घटकामुळे, पण शेळ्यांना त्या कडूपणाचं फारसं काही वाटत नाही. याच सालीच्या आवडीमुळे शेळ्यांना बागेत मोकळं सोडायला मालक तयार नसतात. तेव्हा फांदीच गोठ्यात आणायची, जसे आपल्याकडे बाभळीचे डहाळे तोडून आणतात.

मग चोथ्याचा उपयोगच नाही का? आहे, पण पेंडीच्या जागी नाही. त्यातली आठळी आधी काढून टाकायला हवी. ती तशीही गिरण्यांना हवीच असते, कारण आठळ्यांचे तुकडे बॉयलर आणि शेगड्यांचं इंधन म्हणून चांगल्या भावाने विकले जातात. बिनआठळीचा चोथा वाळवला की गव्हाच्या काडासारख्या हलक्या कोरड्या चाऱ्याचा काही हिस्सा तो भरून काढतो, आणि आहाराच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत दिला तर शेळ्या कुरकुरत नाहीत. पण या मालाला दुसरं गिऱ्हाईक तयार असतं. गिरण्यांतला बहुतेक चोथा दुसऱ्या कारखान्यात जातो, तिथे तो वाळवून द्रावकाने त्यातलं उरलंसुरलं तेल काढतात, आणि शेवटी जे राहतं ते जाळून ऊर्जा करतात. ज्या मालाचं शेवटचं ठिकाण भट्टी, त्याच्याकडून दुधाची अपेक्षा किती ठेवावी हे यावरून कळावं.

ग्रानादा शहरातल्या साइदीन संशोधन केंद्रात ऑलिव्हच्या उपपदार्थांवर आणि शेळ्यांवर अनेक वर्षं काम चाललं आहे. चोथ्याला चाटण-विटांत घालणं ही त्यातली मला सर्वांत व्यवहार्य वाटणारी वाट. चोथा, युरिया, मळी, मीठ आणि घट्ट धरायला चुना यांची वीट पाडायची आणि गव्हाणीत ठेवायची. नत्र युरियाकडून येतं, चटकन मिळणारी ऊर्जा मळीकडून, आणि चोथा वीट बांधून ठेवतो, शिवाय थोडे तंतू आणि थोडं तेल देतो. वीट टणक असल्यामुळे शेळी ती हळूहळू चाटते, युरिया एकदम पोटात जात नाही. ओल्या मालाच्या साठवणुकीचा प्रश्नही सुटतो. युरिया मात्र ढोबळ अंदाजाने घालायची गोष्ट नाही. प्रमाण चुकलं तर विषबाधा होते, तेव्हा जाणत्याकडून नीट शिकल्याशिवाय विटा पाडू नयेत.

पाल्याचं कौतुक केलं म्हणून कुणी भरपूर दुधाची शेळी निव्वळ पाल्यावर ठेवायला निघेल, म्हणून सांगतो. अंदालुसियात, म्हणजे हाएन आणि ग्रानादा ज्यात येतात त्या दक्षिण स्पेनच्या प्रदेशात, मुर्सियानो-ग्रानादिना, मालागेन्या, फ्लोरिदा आणि पायोया या दुधाच्या जाती आहेत. काळी किंवा गडद तपकिरी मुर्सियानो-ग्रानादिना साधारण 45 ते 50 किलोची, आणि दिवसाला 2 लिटरच्या आसपास दूध देणारी म्हटली तर तिला रोज सुमारे 2 किलो कोरडा भाग पोटात जावा लागतो. एका लिटर दुधामागे पचणारी प्रथिनं 45 ते 50 ग्रॅम हवीत, शिवाय तिच्या अंगाची गरज वेगळी. एवढं भागवायला बंदिस्त गोठ्यांत लसूणघासाचं वाळलेलं गवत, मका, बार्ली, सूर्यफूल, कडधान्यं असं सगळं एकत्र करून देतात. पाल्याची जागा त्यात लसूणघासाच्या एका हिश्श्याची. लसूणघासात प्रथिनं जवळपास दीडपट-दुप्पट असतात, त्यामुळे सगळाच बदलून चालत नाही. भाकड शेळ्या, गाभणपणाचे पहिले महिने, चरायला जाऊन संध्याकाळी परतणारा कळप, इथे पाला भरपूर चालतो.

दुधाच्या पैशाशीही याचा संबंध आहे. तिथलं शेळीचं दूध मुख्यतः चीजसाठी जातं, आणि भाव लिटरबरोबरच फॅट आणि प्रथिनांवर ठरतो. दूध दिसायला तेवढंच आणि त्यातले घन घटक कमी, असं झालं की तोटा महिन्याच्या हिशोबात उमटतो. ओला चोथा सढळ हाताने घालण्यातला धोका हाच आहे: पोट भरल्यासारखं दिसतं आणि आत पोषण कमी जातं. दोन्हींच्या चरबीतही फरक आहे. पाल्याच्या चरबीत लिनोलेनिक आम्ल जास्त, चोथ्याच्या चरबीत ऑलिव्ह तेलासारखंच ओलेइक आम्ल. पण दहा-पंधरा टक्क्यांच्या आहारबदलाने चीजच्या चवीत क्रांती होते, असे दावे मी मनावर घेणार नाही.

टिकण्याच्या बाबतीत पालाही साधुसंत नाही. रामोन ताजा असतानाच सर्वांत चांगला. वाळला की पानं गळून मातीत जातात आणि पचनीयताही घटते. ढीग लावून ठेवला तर मधून तापतो आणि काळा पडतो. म्हणून छाटणीचे भारे रोज लागतील तेवढेच आणतात. गिरणीचा पाला हंगामात एकदम येतो आणि मग वर्षभर नसतो, त्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला चारा, करता येतो. चोथ्याचाही करता येतो, पण पाणी इतकं असतं की काड किंवा कोंडा मिसळल्याशिवाय तो बसत नाही.

एका बाबतीत मात्र पाला चोथ्यापेक्षा जोखमीचा. ऑलिव्हच्या पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीसाठी बागायतदार शरदात आणि वसंतात तांबंयुक्त औषधं फवारतात, आणि ते तांबं पानाच्या पृष्ठभागावर बसून राहतं. फवारणीनंतर लवकर तोडलेल्या पाल्यातून ते शेळीच्या पोटात जातं. मोठी शेळी बरंच तांबं पचवून नेते, करडांना ते जड जातं, आणि मेंढीच्या यकृतात तर ते साठत राहतं आणि एके दिवशी ती अचानक कोसळते. आपल्या किंवा शेजारच्या बागेतल्या रामोनवर शेवटची फवारणी कधी झाली हे एका फोनवर कळतं. गिरणीच्या पाल्यात मात्र शंभर शेतकऱ्यांचा माल मिसळलेला असतो आणि कुणाची फवारणी कधीची ते गिरणीवाल्यालाही ठाऊक नसतं. कळपात शेळ्यांबरोबर मेंढ्या असतील तर गिरणीच्या पाल्याची गव्हाण त्यांच्यापासून वेगळी ठेवावी.