पाचट आच्छादन

ऊस तुटून गेल्यावर रानात उरतो तो वाळका पाला म्हणजे पाचट. ते न पेटवता खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, सरीत दाबून कुजवणे म्हणजे पाचट आच्छादन. ही शिफारस करणारे पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र (स्थापना १९३२) सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यात आहे. तरीही तोडणीच्या हंगामात जवळच्याच सातारा-सांगलीतल्या कराड, वाळवा, पलूस भागात संध्याकाळी धुराचे लोट दिसतातच.

एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो. जाळले की त्यातले बहुतेक हवेत जाते. शिफारशीप्रमाणे बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत लोटायचे आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक टाकायचे. बगला, म्हणजे वरंब्याच्या बाजू, फोडायच्या नाहीत. रासायनिक खत बुडख्यापासून चार-सहा इंचांवर पहारीने भोके पाडून द्यायचे.

हे शेतकऱ्याला ठाऊक नसते असे नाही. अडते ते दुसरीकडेच, आणि सर्वांत आधी पाण्यापाशी. पाटपाण्यावर भरलेल्या सरीत पाचटाचा बोळा बसला की पाणी तुंबते, वरंबा फोडून शेजारच्या सरीत शिरते. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असली, तर अंधारात खोऱ्याने ते बोळे ओढत बसावे लागते. पाचटाखाली उंदीर आणि उंदरामागे साप, ही भीतीही खोटी नव्हे. सामायिक विहिरीवर पाळी तासांची असते. पाणी सावकाश चालले तर शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात आणि पुढच्याची पाळी सुरू होते. ठिबक असेल तर ही अडचण जवळपास उरत नाही, पण तीन फुटी सरीच्या पंधरा गुंठ्यांत ठिबकाचा खर्च कोण घालतो?

वाटणीत तुकडे झालेल्या रानात दुसरी अडचण बांधाची. आपण पाचट राखले आणि शेजाऱ्याने काडी लावली, तर वारा बांध पाहत नाही. आच वाढत्या फुटव्यांना लागली की खोडवाच गेला. त्यापेक्षा आपणच आधी पेटवलेले बरे, असा हिशेब होतो. पाचट कुट्टी यंत्राने काम हलके होते, मात्र ट्रॅक्टरवाला पाच-दहा गुंठ्यांसाठी लवकर येत नाही. वळायलाच जागा नसते.

मजुरीचेही गणित आहे. ऊस तोडणाऱ्या टोळीला वाडे, म्हणजे चाऱ्याचे हिरवे शेंडे, हवे असते, पाचट नव्हे. तोडही तिच्या सोयीने होते, त्यामुळे बुडखे अनेकदा वीतभर उंच राहतात. ते पुन्हा छाटायला आणि पहारीने खत द्यायला स्वतंत्र माणसे लागतात. पेटवायला एक काडी पुरते.

ज्या पट्ट्यात जमिनी क्षारपड होत चालल्या आहेत, तिथे कुजलेल्या पाचटातून मिळणाऱ्या सेंद्रिय कर्बाची गरज अधिक आहे. गटाने शेजारी-शेजारी एकाच वेळी आच्छादन केले, तर आगीची धास्ती कमी होते आणि कुट्टीचे यंत्रही शिवारात येते. पाळीच्या तासांचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.