वादळाच्या पोटाखालचं पाणी

चक्रीवादळाची बातमी आली की मुंबईत एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘अहो, ताशी दहा किलोमीटरने सरकतंय ते, सायकलवालासुद्धा मागे टाकेल. त्यात काय एवढं?’ निसर्ग या वादळाच्या वेळी हे ऐकलं, तौक्तेच्या वेळी ऐकलं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये मेलिसा हे हरिकेन (तिकडे चक्रीवादळाला हेच म्हणतात) जमैका या कॅरिबियन बेटाच्या दाराशी आलं तेव्हाही ऐकलं. यात दोन निरनिराळ्या वेगांची गल्लत झाली आहे. वादळ नकाशावर ज्या वेगाने पुढे सरकतं तो एक वेग, आणि त्याच्या केंद्राभोवती वारा ज्या वेगाने गरगरतो तो दुसरा. पहिला ताशी ५ किलोमीटर असताना दुसरा ३००च्या घरात असू शकतो. मेलिसाचं नेमकं तेच झालं.

पण या गैरसमजाच्या पोटात एक अस्सल प्रश्न दडलेला आहे. रेंगाळणारं वादळ कमजोर पडावं ही अपेक्षा मुळात चुकीची नाहीच, समुद्रविज्ञानही तेच सांगतं. मग मेलिसा दिवसचे दिवस रेंगाळूनही इतकं माजलं कसं?

घटनाक्रम थोडक्यात असा. २१ ऑक्टोबरला कॅरिबियन समुद्रात या वादळाला नाव मिळालं. त्याला वाहून नेणारे वरच्या थरातले वारे मंद होते, त्यामुळे ते जमैकाच्या दक्षिणेला घुटमळत राहिलं. काही काळ तर ते जवळपास एकाच जागी उभं होतं. २५ तारखेपासून त्याने झपाट्याने जोर धरला. २७ला ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेलं आणि २८ला जमैकाच्या नैऋत्य भागात न्यू होपजवळ किनाऱ्यावर आदळलं. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या त्या वेळच्या बुलेटिनमध्ये वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटर आणि केंद्रातला दाब ८९२ हेक्टोपास्कल असे आकडे होते. १९८८चं गिल्बर्ट हे वादळ ही तिथल्या लोकांची आजवरची मोजपट्टी होती. मेलिसाने ती मोडली. ब्लॅक रिव्हर या किनाऱ्यावरच्या गावाची अक्षरशः वाताहत झाली.

८९२ या आकड्यापाशी जरा थांबू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो, आणि दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. एक चौरस मीटर जागेवर एरवी सुमारे १० टन हवा उभी असते. मेलिसाच्या डोळ्यात, म्हणजे अगदी मधल्या भागात, त्यातली सव्वा टनाच्या आसपास हवा कमी झालेली होती. ती भोवतीच्या ढगांच्या भिंतीतून वर चढून, वरच्या वर बाहेर फेकली गेली होती.

हा दाब उपग्रह थेट मोजू शकत नाही. ढगांच्या चित्रावरून तो अंदाज बांधतो. ती पद्धत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बसवली आणि आपलं हवामान खातंही ती वापरतं. प्रत्यक्ष मोजमाप हवं असेल तर विमान वादळात घालावं लागतं. साधारण ३ किलोमीटर उंचीवरून ढगांची भिंत भेदून डोळ्यात शिरायचं आणि तिथून एक नळी खाली सोडायची. अर्ध्या किलोपेक्षाही हलकी, छोटंसं पॅराशूट लावलेली ही नळी चार-एक मिनिटांत समुद्रात पडते. पडता पडता ती दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा यांचे आकडे विमानाकडे पाठवत राहते. मेलिसाच्या वेळी एका विमानाला इतके जबर हादरे बसले की मोहीम अर्धवट टाकून परतावं लागलं. ही माणसं जिवावर उदार होऊन आकडे आणतात म्हणून बेटावरच्या लोकांना वेळेवर इशारा मिळतो, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता मूळ प्रश्न. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती समुद्र देतो, आणि वाफेचे ढग झाले की तीच उष्णता वर हवेत मोकळी होते. पाणी किमान साडेसव्वीस अंश सेल्सियस हवं हा नियम पुस्तकांत असतो. तो खरा, पण अपुरा. कारण तो फक्त पृष्ठभागाबद्दल बोलतो, आणि वादळ पृष्ठभाग जसाच्या तसा राहू देत नाही.

उत्तर गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. तो वरच्या पाण्याला ओढतो. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने ते पाणी सरळ वाऱ्यामागे जात नाही, उजवीकडे वळतं. उलट्या दिशेने फिरणाऱ्या वाऱ्याची उजवी बाजू म्हणजे केंद्रापासून बाहेरची बाजू. म्हणजे वादळाखालचं पाणी चहूबाजूंना पसरतं आणि ती जागा भरायला खालचं पाणी वर येतं. त्याखेरीज लाटा आणि प्रवाह मिळून वरचे थर घुसळून काढतात. खालचं पाणी गार असतं. वादळ झपकन निघून गेलं तर हे गार पाणी त्याच्या मागे राहतं. ते रेंगाळलं तर गार पाणी थेट त्याच्या पोटाखाली येतं आणि त्याचं इंधन तुटतं. गाभ्याखालचं पाणी अडीच अंशांनी जरी गार झालं तरी पुरवठा जवळजवळ बंद पडू शकतो. १९६४मध्ये हिल्डा हरिकेन मेक्सिकोच्या आखातातून गेल्यावर डेल लीपर या समुद्रशास्त्रज्ञांनी जहाजावरून तिथलं पाणी मोजलं, तर ते पाच अंशांहून अधिक उतरलेलं आढळलं.

गीझरचं कढत पाणी बादलीत वर तरंगत असतं आणि हात घालून ढवळलं की कोमट होतं, तसंच हे. पण बादलीत मुळात तळापर्यंत कढतच पाणी असेल तर? ढवळा हवं तेवढं.

आकड्यांत बघू. समजा ३० अंशांच्या पाण्याचा थर ३० मीटर जाड आहे आणि त्याखाली २४ अंशांचं पाणी आहे. वादळाने वरचे ६० मीटर घुसळले तर मिश्रण २७ अंशांचं होईल, म्हणजे इंधन संपत आलं. तोच गरम थर १०० मीटर जाड असेल तर ६० मीटर घुसळूनही पाणी ३० अंशांचंच राहील. यावरूनच लीपर यांनी १९७०च्या दशकात एक मोजमाप रूढ केलं. समुद्रात २६ अंशांची पातळी किती खोल आहे ते पाहायचं आणि तिच्या वरच्या पाण्यात २६ अंशांपेक्षा जास्तीची उष्णता किती साठली आहे ते काढायचं. एक घनसेंटीमीटर समुद्रजल एका अंशाने तापवायला सुमारे ४.१ ज्यूल लागतात. १०० मीटरचा थर २६ अंशांपेक्षा सरासरी अडीच अंशांनी जास्त असेल, तर दर चौरस सेंटीमीटरखाली ४.१ गुणिले अडीच गुणिले १०,०००, म्हणजे जवळपास १०० किलोज्यूल. थर ३० मीटरचाच असेल तर जेमतेम ३०. साधारणपणे ५०च्या पुढचा आकडा वादळाला पोषक मानतात.

मेलिसा जिथे घुटमळलं तिथे कॅरिबियनचा गरम थर असाच खोल होता. ते उभं राहून पाणी घुसळत होतं आणि खालून पुन्हा गरमच पाणी मिळत होतं. वरच्या आणि खालच्या हवेतल्या वाऱ्यांची ओढाताणही तोवर कमी झाली होती. नुसतं पाणी पुरत नाही, हेही लागतं. मग संथपणाचा लगाम उरलाच नाही.

ही खोली कळते कशी? गरम पाणी प्रसरण पावतं, म्हणून जिथे गरम थर जाड तिथे समुद्राची पातळीच थोडी उंचावलेली असते. हा काही सेंटीमीटरचा उंचवटा उपग्रहावरचा रडार अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारं यंत्र, टिपतो. शिवाय जगभरच्या समुद्रांत सुमारे ४००० आर्गो तरंगक सोडलेले आहेत. दर दहा दिवसांनी ते २००० मीटर खोलीपासून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावर आले की आकडे उपग्रहाकडे पाठवतात. वादळाच्या बातमीत यांचं नाव कधी येत नाही. यायला हवं.

‘मुंबादेवी आहे म्हणून मुंबईवर वादळ येत नाही’ हेही आपल्याकडे दर वेळी फिरतं. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईला वादळाने झोडपलं होतं. उलट टोकाला, १८८२च्या वादळात मुंबईत एक लाख माणसं मेली हा आकडा इंटरनेटवर जागोजागी सापडतो. त्या काळच्या नोंदींत असं वादळच नाही. ती लोणकढी थाप आहे. एक समजूत माणसाला गाफील ठेवते, दुसरी उगाच घाबरवते. खिडकीच्या काचा आणि गच्चीवरचे पत्रे सांभाळायला दोन्हींचा उपयोग नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग मुंबईच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. १७ मे २०२१ला तौक्ते मुंबईच्या पश्चिमेकडून सौराष्ट्राकडे गेलं. शहरावर ते आलंच नाही, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १००च्या वर गेले आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडून अनेक कामगारांनी प्राण गमावले. मे महिन्यात अरबी समुद्राचा वरचा थर तीस अंशांच्या आसपास तापलेला असतो. दक्षिणेकडे, केरळ आणि लक्षद्वीपच्या बाजूला, गरम थर जाड असतो आणि उत्तरेकडे तो पातळ होत जातो. म्हणून दक्षिणेत जन्मलेलं वादळ मुंबईपर्यंत येताना किती जोर टिकवेल हे बऱ्याच अंशी खालच्या पाण्यावर ठरतं. किनाऱ्याजवळचा हिशेब आणखी वेगळा. मुंबईसमोरचा उथळ समुद्र खूप रुंद आहे, आणि उथळ पाण्यात वारा किनाऱ्याकडे पाणी जास्त चढवतो. भरतीच्या वेळी वादळ आलं तर मिठी नदीचं पाणी बाहेर पडायला जागाच राहत नाही.

चक्रीवादळाच्या काळात हवामान खात्याच्या सविस्तर बुलेटिनमध्ये ‘टीसीएचपी’ (ट्रॉपिकल सायक्लोन हीट पोटेन्शियल) असा एक उल्लेख असतो, किलोज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. वर काढला तोच हा उष्णतेचा साठा. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी संस्था त्याचे नकाशेही प्रसिद्ध करते. पुढचं वादळ अरबी समुद्रात उठेल तेव्हा ते ताशी किती किलोमीटरने सरकतंय हे वाचून झालं की हा आकडाही बघा. सरकण्याचा वेग कमी आणि हा आकडा १००च्या वर असेल, तर वादळ विश्रांती घेत नसेल, जोर धरत असेल.