गेटवेवर फोटो का अडतो, त्यामागची जुनी गोष्ट

जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही जॅबर या खुल्या चॅट नेटवर्कचा सर्व्हर चालवायचो आणि धुळ्याचा मित्र असायचा मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन चॅटवर, मेसेज गेटवेतून, म्हणजे दोन नेटवर्क जोडणाऱ्या प्रोग्रॅममधून, धडाधड यायचे-जायचे पण त्याच्या नावापुढे कायम ती राखाडी बाहुलीच, आणि तो रोज विचारणार, "मना फोटो उना का रे भो?"

याचं मूळ बरंच मागे आहे. जेरेमी मिलरने १९९८ मध्ये जॅबर सुरू केलं तेव्हा सगळा भर मजकुरावर आणि दुसऱ्या नेटवर्कला जोडणाऱ्या ट्रान्सपोर्टवर, म्हणजे गेटवेवरच, होता, फोटो नंतर आला आणि तो व्हीकार्डात, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या ओळखपत्रात, बसवला गेला. आता प्रत्येकाचं व्हीकार्ड दर वेळी ओढायचं म्हणजे सर्व्हरचा जीवच जाणार, म्हणून एक्सईपी-०१५३ मध्ये (एक्सईपी म्हणजे जॅबरची नियमपत्रं) तोड काढली की फोटोचा एसएचए-१ हॅश, म्हणजे त्याच्या बाइट्सवरून काढलेला ४० अक्षरांचा ठसा, प्रेझेन्ससोबत, म्हणजे 'मी ऑनलाइन आहे' या सूचनेसोबत, पाठवायचा आणि तो बदलला तरच फोटो मागायचा. मला ही युक्ती अजूनही फार आवडते.

पण बाकीच्यांचं घोडं वेगळंच होतं. एओएलचं एआयएम चॅट बडी आयकॉनसाठी, म्हणजे मित्राच्या फोटोसाठी, एमडी५ हा वेगळाच हॅश वापरायचं, एमएसएनचा फोटो तर थेट मित्राच्या मशीनवरून यायचा, म्हणजे तो ऑनलाइन नसला की विषयच संपला. मधल्या गेटवेने काय करायचं तर फोटो आणायचा, गरज पडली तर पीएनजी करायचा आणि हॅश नव्याने काढायचा. पायथनमधल्या काही गेटवेंना यासाठी इमेजिंग लायब्ररी लागायची, ती नसली की मेसेज सुरळीत आणि फोटो तेवढे गायब.

आमच्याकडे लायब्ररी होती. शेवटी एक्सएमएल कन्सोल (येणारे-जाणारे कच्चे संदेश दाखवणारी खिडकी) उघडून स्क्रीनवर बोट ठेवत प्रेझेन्समधला आणि फोटोवरून काढलेला असे दोन्ही हॅश अक्षर-अक्षर ताडून पाहिले तर पहिल्याच अक्षराला फरक, कारण आम्ही जोडलेल्या कोडमध्ये हॅश बेस६४ मजकुराचा (पाठवण्यासाठी अक्षरांत बदललेल्या फोटोचा) काढला जात होता, काढायचा असतो मूळ बाइट्सचा! एक ओळ बदलली आणि त्याचा चेहरा आला.

एक्सईपी-००८४ हा फोटोचा दुसरा मार्ग, त्यात फोटोचा डेटा वेगळा आणि माहिती वेगळी, मग हे दोन्ही मार्ग जुळवायला २०१८ मध्ये एक्सईपी-०३९८ आलं. एआयएम २०१७ मध्येच बंद झालं. तरी व्हीकार्डवाला गेटवे असला की मी आजही आधी प्रेझेन्समधला फोटो टॅग बघतो, टॅगच नसेल तर गेटवेकडे सांगण्यासारखं अजून काही नाही आणि टॅग रिकामा असेल तर समोरच्याने फोटो ठेवलेलाच नाही.